सर्व्हेत सुटलेली ओल : रेडिंगमधल्या एका घराचं प्रकरण

२०२२ च्या ऑक्टोबरात आई सांगलीहून ताईकडे इंग्लंडात, रेडिंगला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "मागच्या खोलीत ओल आहे गं." घर घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. ताईला ते लागलं, कारण घर घ्यायच्या आधी तिनं सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी, करून घेतली होती. "आई, सर्व्हे केलाय घराचा. सहाशे पौंड मोजलेत." आई गप्प बसली, पण त्या खोलीत ती फारशी थांबायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं होतं. पाणी उतरल्यावर दारांच्या चौकटींना आणि कपाटांना जो वास महिनोन्‌महिने येत राहिला, तो ती विसरलेली नाही.

तीन आठवड्यांनी दाजी त्या खोलीतला सोफा सरकवत होते. बागेच्या दारापाशी पाय टेकला आणि त्यांची टाच जमिनीवरच्या लॅमिनेटच्या आवरणासकट खाली गेली.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इंग्लंडातच नोकरी करतो. इथे जुनं घर घेणारी आपली माणसं मला नेहमी विचारतात, "सर्व्हेअरनं हे लिहिलंच नव्हतं, आता काय करायचं?" ताई-दाजींच्या संमतीनं हे सगळं प्रकरण आकड्यांसकट मांडतो आहे. सर्व्हे करणाऱ्या फर्मचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही.

घर रेडिंगमधल्या लाल-करड्या विटांच्या व्हिक्टोरियन रांगेतलं, साधारण १८९० च्या सुमाराचं. किंमत ४ लाख २५ हजार पौंड. अशा घरांची तळमजल्याची जमीन भरीव नसते. खाली फूट-दीड फूट पोकळी, तिच्यात बुटक्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया म्हणजे जॉइस्ट आणि वर फळ्या. ही पोकळी कोरडी राहावी म्हणून बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत भोकांच्या विटा बसवलेल्या असतात, त्या एअर ब्रिक. पुढून वारा आत येतो, तुळयांखालून फिरतो, मागून बाहेर पडतो. शंभर-सव्वाशे वर्षं ही घरं उभी आहेत ती त्या वाऱ्यावर. वारा अडला की लाकडात ओल साठते, आणि लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला घर मिळतं.

इथे झालं ते असं. आधीच्या कुणा मालकानं मागच्या अंगणात पॅटिओ, म्हणजे फरसबंद ओटा, केला आणि बागेच्या दारातून पायरी न उतरता थेट फरशीवर पाय ठेवता यावा म्हणून तो दाराच्या उंबऱ्यापर्यंत उचलला. दिसायला छान. पण भिंतीत ओल वर चढू नये म्हणून जो थर घातलेला असतो, तो बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर, म्हणजे विटांचे दोन थर, वर असावा लागतो. इथे फरशी त्या थरालाच टेकली होती आणि मागच्या दोन्ही एअर ब्रिक पॅटिओखाली गाडल्या गेल्या होत्या. त्यातली एक पूर्ण, दुसरी अर्धीमुर्धी. ही अर्धीमुर्धी वीट लक्षात ठेवा.

आता सर्व्हेबद्दल. इंग्लंडात सर्व्हेअरांची आरआयसीएस ही संस्था आहे आणि मार्च २०२१ पासून तिच्या नियमांप्रमाणे घराच्या सर्व्हेच्या तीन पातळ्या आहेत. लेव्हल १ अगदी जुजबी, लेव्हल २ मधली, लेव्हल ३ सविस्तर. प्रत्येक भागाला १, २, ३ असे शेरे मिळतात: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दुरुस्ती लागेल पण घाई नाही, लाल म्हणजे गंभीर किंवा तातडीचं. जे पाहता आलं नाही त्यापुढे एनआय. ताई-दाजींनी लेव्हल २ घेतला. सव्वाशे वर्षांच्या घराला लेव्हल ३ घ्यायला हवा होता, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मी तसा आग्रह धरला नाही, ही माझी चूक. आणखी एक गोष्ट लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. मॉर्गेजसाठी बँक जे व्हॅल्युएशन करून घेते, तो सर्व्हे नव्हे. ते बँकेच्या कर्जासाठी असतं. घराची तब्येत त्यातून कळत नाही.

दाजींचा पाय गेला त्या रात्री ताईनं मला फोन केला. ती रडत नव्हती, चिडली होती. "उद्याच सुतार बोलावते, सगळी जमीन उखडून टाकू." मी पहिलं वाक्य बोललो ते हे, की कशालाही हात लावायचा नाही. खोली बंद करा, मुलांना आत सोडू नका, भोकाचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, तारीख दिसू द्या. फर्मनं जागेवर येऊन पाहायच्या आधी जमीन उखडली तर उद्या तीच फर्म म्हणणार, आम्हाला पाहायची संधीच दिली नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात आम्ही योग्य केलेली कुठली एक गोष्ट असेल तर ती हीच. मात्र नुकसान वाढू न देणं हेही आपल्यावरच असतं. म्हणून त्याच आठवड्यात गटाराचा गळका पाइप दुरुस्त केला आणि दाजींनी अर्धवट उघड्या एअर ब्रिकसमोरची माती हातानं काढली. दोन्हीचे आधीचे-नंतरचे फोटो ठेवले.

शनिवारी मी गेलो. भोकातून टॉर्च घातला. तुळईवर उभे-आडवे तडे पडून लाकडाचे चौकोन झाले होते, ताटात बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे. बोटानं दाबलं की चुरा. फळीच्या खालच्या अंगाला करडी-पांढरी कातडी धरलेली. आणि सगळ्यावर बारीक, गेरूच्या रंगाची पूड. ती पाहून दाजी एकदम म्हणाले, "अरे, ही तर टीव्हीच्या स्टँडवर रोज बसते! मी विटांची धूळ समजून पुसत होतो." ती बुरशीच्या बीजाणूंची पूड. या बुरशीला इथे ड्राय रॉट म्हणतात. नाव कोरडं असलं तरी सुरुवात ओलीतूनच होते. पण एकदा रुजली की तिचे धागे वीटकामातून पलीकडे जातात, म्हणून ती साध्या कुजण्यापेक्षा वाईट.

विम्याकडून काही मिळणार नाही हे मला माहीत होतं, तरी ताईनं फोन केला. हळूहळू होणारी झीज, ओल, कुजणं हे घरविम्यातून सहसा वगळलेलंच असतं. दहा मिनिटांत उत्तर आलं. विकणाऱ्याचं थोडं वेगळं. घर विकताना मालक टीए६ नावाचा माहितीचा फॉर्म भरून देतो आणि त्यात खोटं लिहिलं असेल तर १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्याखाली त्याच्यावर दावा करता येतो. जुन्या घराच्या दोषांबद्दल मालक आपणहून काही सांगायला बांधील नसतो, पण विचारल्यावर खोटं बोलता येत नाही. महाराष्ट्रात नव्या फ्लॅटच्या बांधकामातल्या दोषांसाठी रेरानं बिल्डरला पाच वर्षं जबाबदार धरलं आहे. त्यामुळे आपल्याला वाटतं की विकणारा जबाबदार असणारच. इथे जुन्या घराला तसं काही नाही. जमीन उघडल्यावर एक तुळई नव्या लाकडाची जोड दिलेली सापडली, म्हणजे कुणालातरी हे आधी कळलं होतं. पण शेवटचे मालक चारच वर्षं राहिले होते आणि जोड त्यांनीच दिली याला पुरावा नव्हता. सॉलिसिटरनं, म्हणजे वकिलानं, तो रस्ता सोडून द्यायला सांगितलं, आम्ही सोडला.

राहिली सर्व्हे करणारी फर्म.

ताईनं पहिलं पत्र स्वतः लिहिलं होतं, मला न दाखवता पाठवलं. चार पानं. त्यात आईला आलेला वास होता, मुलाचा खोकला होता, घरासाठी सात वर्षं साठवलेले पैसे होते. सगळं खरं होतं. फर्मचं उत्तर साडेतीन ओळींचं आलं. लेव्हल २ हा वरवर पाहून केलेला सर्व्हे असतो. जमिनीवर चिकटवलेलं लॅमिनेट होतं, त्याखाली पाहणं आमच्या कामात येत नाही. अहवालात जमिनीखालचा भाग एनआय म्हणून नोंदवला आहे. सबब आमची जबाबदारी नाही.

ताई खचली. मी अहवाल मागवून घेतला आणि एका रविवारी पहिल्या पानापासून वाचला. फर्मचं म्हणणं एका मर्यादेत बरोबर होतं. सर्व्हेअरला लॅमिनेटखालची बुरशी दिसली नाही म्हणून तो चुकला, असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. मग चुकला कुठे?

पान १८ वर आतली जमीन: शेरा १, हिरवा. "पावलाखाली घट्ट, दोष आढळला नाही." पान ३१ वर घराभोवतीची जागा: शेरा २, पिवळा. "मागील पॅटिओची पातळी उंच आहे, सवडीनं कमी करावी." एकाच माणसानं एकाच सकाळी या दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यामध्ये बारा पानं होती. पॅटिओ उंच आहे हे त्याला दिसलं. उंच पॅटिओमुळे आतल्या लाकडी जमिनीचं काय होतं, हे मात्र त्यानं लिहिलं नाही.

आणि मग पान २३. मागच्या भिंतीचा फोटो. विषय होता सांडपाण्याचा पाइप. त्या पाइपच्या डावीकडे, फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, फरशीच्या वर डोकावणारी भोकांची एक ओळ. एअर ब्रिकला भोकांच्या तीन ओळी होत्या. दोन ओळी फरशीखाली होत्या. फर्मच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात, स्वतःच्या अहवालात, तारखेसह ती अर्धी गाडलेली वीट होती. मी तो फोटो मोठा करून ताईला पाठवला. तिनं फक्त "दिसली" एवढं लिहिलं.

इथून दावा बदलला. "तुम्हाला बुरशी दिसली नाही" ही तक्रार आम्ही सोडली आणि म्हटलं, "तुम्हाला खूण दिसली आणि तुम्ही तिचा माग काढला नाही." हा फरक शब्दांचा नाही, कायद्याचा आहे. रॉबर्ट्स विरुद्ध हॅम्पसन या खटल्यात, तेही बँकेसाठी केलेल्या साध्या व्हॅल्युएशनच्या बाबतीत आणि ड्राय रॉटच्याच प्रकरणात, इंग्लिश कोर्टानं सांगितलं आहे की तपासणी मर्यादित असली तरी संशयाला जागा दिसली तर सर्व्हेअरनं तो माग शक्य तिथवर काढायला हवा. आमच्या सर्व्हेअरनं लॅमिनेट उचटावं असं आम्ही म्हणत नव्हतो. पण "वारा अडलेला आहे, जमीन लाकडी आहे, घर घ्यायच्या आधी जमिनीखाली तपासून घ्या" एवढं एक वाक्य आणि शेरा ३ त्यानं द्यायला हवा होता. तेवढं लिहिलं असतं तर ताईनं किंमत कमी करून मागितली असती किंवा घर सोडून दिलं असतं.

आणखी एक पुरावा ताईकडे होता आणि तिला त्याची किंमत माहीत नव्हती. एजंटच्या जाहिरातीतले फोटो तिनं घराची आठवण म्हणून ठेवले होते. त्यात बागेच्या दारापाशी फक्त एक कुंडी होती. म्हणजे सर्व्हेच्या दिवशी तिथे सामान अडचणीचं होतं असं म्हणायला वाव उरला नाही. टाच आपटून जमीन लवते का पाहणं ही सर्व्हेअरची रोजची तपासणी. त्या कोपऱ्यात ती केली असती तर फळी बोलली असती, असं मला वाटतं. हे मात्र सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्रात घातलं नाही.

मी इंजिनियर असलो तरी माझं मत या दाव्यात चालणार नव्हतं. मी ताईचा भाऊ, निःपक्ष नाही. म्हणून ८४० पौंड देऊन दुसऱ्या एका चार्टर्ड सर्व्हेअरचा अहवाल घेतला. त्याला प्रश्न अगदी नेमके विचारले: त्या दिवशी, लेव्हल २ च्या चौकटीत, साधारण कुशल सर्व्हेअरला काय दिसलं असतं, त्यानं काय लिहिलं असतं, आणि हा दोष माहीत असता तर घराची त्या दिवशीची किंमत किती झाली असती?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर ऐकून दाजी नाराज झाले. दुरुस्तीचा खर्च १२,४०० पौंड येणार होता. त्यांना वाटत होतं तेवढे मिळतील. पण सर्व्हेअरकडून दुरुस्तीचा खर्च मिळत नाही. १९९१ च्या वॉट्स विरुद्ध मॉरो या खटल्यात १ लाख ७७ हजार ५०० पौंडांचं घर होतं, दुरुस्तीला ३४ हजारांच्या आसपास लागले, आणि अपील कोर्टानं दिले १५ हजार, कारण दोष धरून घराची किंमत तेवढीच कमी भरत होती. मनस्तापाचे प्रत्येकी ४,००० दिले होते ते ७५० वर आणले. कारण साधं आहे. घर चांगलं असल्याची हमी सर्व्हेअर देत नाही. तो नीट पाहून सांगायचं कबूल करतो. त्यानं नीट सांगितलं असतं तरी जमीन कुजलेलीच असती, फक्त तुम्ही इतके पैसे मोजले नसते. जास्त मोजलेले ते पैसे हेच नुकसान. आमच्या तज्ज्ञानं तो आकडा ९,००० काढला.

त्यात राहण्याच्या गैरसोयीचे ९०० धरून मागणी ९,९०० ची केली. हा आकडा मुद्दाम १० हजारांच्या आत ठेवला. इंग्लंड-वेल्समध्ये तिथवरचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातात आणि हरलं तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा अंगावर येत नाही. त्याच्या वर गेलं की तो धोका असतो, आणि ताई-दाजींकडे घर घेतल्यावर तो पेलण्याएवढी शिल्लक नव्हती.

दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये फर्मचा माणूस येऊन पाहून गेला. तो गेल्यावर फेब्रुवारीत जमीन उघडली. एप्रिलमध्ये रीतसर दाव्याचं पत्र गेलं. व्यावसायिक निष्काळजीपणाच्या दाव्यांना ठरलेली रीत आहे: २१ दिवसांत पोच, त्यानंतर चौकशीला तीन महिने. ही दुसरी खेप ताईनंच लिहिली, दीड पान. आई नाही, खोकला नाही, बचत नाही. पान १८, पान २३, पान ३१, तज्ज्ञाचा अहवाल, आकडा. त्या तीन पानांच्या प्रती सोबत. तिच्या पहिल्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण फर्मला आणि तिच्या विमा कंपनीला उत्तर द्यावं लागलं ते या दीड पानाला.

समेट झाला नाही तर पुढे काय, हेही पत्रात लिहिलं होतं. आरआयसीएसच्या फर्मला तक्रार हाताळायची ठरलेली पद्धत आणि व्यावसायिक विमा ठेवावाच लागतो. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फर्म ज्या लोकपाल योजनेत असेल तिथे फुकट जाता येतं. कोर्टाची मुदत साधारण सहा वर्षं. दोष उशिरा कळला तर निष्काळजीपणाच्या दाव्याला कळल्यापासून तीन वर्षं मिळू शकतात, पण पंधरा वर्षांच्या पुढे काहीच नाही. ज्यांचा दोष चार-पाच वर्षांनी बाहेर येतो त्यांनी हे आकडे आधी पाहावेत. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

जुलैत विमा कंपनीकडून पहिला देकार आला, ३,००० चा, जबाबदारी मान्य न करता. दाजींना घेऊन टाकायचे होते. ताई नको म्हणाली. तिनं एका ओळीचं उत्तर पाठवलं, "पान २३ वरच्या फोटोबद्दल तुमचं म्हणणं कळवावं." त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. सप्टेंबरात ७,८०० वर तडजोड झाली.

हिशेब मांडायचा तर दुरुस्ती १२,४००, तज्ज्ञ ८४०, आले ७,८००. पदरचे ५,४४० गेले. सहा आठवडे स्वयंपाक वरच्या बेडरूममध्ये एका इंडक्शन शेगडीवर झाला, मुलगा त्या काळात शेजारच्यांकडे अभ्यासाला जायचा. याला न्याय म्हणायचं का असं ताईनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, कायद्यानं जेवढं मिळतं त्यातलं बरंचसं मिळालं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि मी तिला पटवायला गेलो नाही.

दुरुस्तीत पहिल्यांदा पॅटिओ खाली घेतला. बुरशी काढून नवीन लाकूड घालायचं आणि ओलीचं कारण तसंच ठेवायचं, असं करणारे ठेकेदार इथे भेटतात. आम्ही विचारलेल्यांपैकी दोघांचे दर स्वस्त होते ते याचमुळे. भिंतीलगत फूटभर रुंद चर खणून त्यात खडी भरली, मागच्या दोन्ही एअर ब्रिक मोकळ्या केल्या आणि तिसरी नवी बसवली. कुजलेल्या तुळया दिसणाऱ्या कुजीच्या पुढे मीटरभर चांगलं लाकूडही धरून कापल्या, नव्या घातल्या त्या औषध लावलेल्या लाकडाच्या. एक फळी मी स्क्रूवर बसवायला सांगितली, खिळ्यांवर नाही, म्हणजे उघडून बघता येते.

परवा ताईकडे गेलो तेव्हा ती फळी उघडली. आई पुन्हा आलेली होती, खुर्ची घेऊन शेजारीच बसली. तुळईत ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या, आकडा १४ टक्के आला. आईनं वाकून पोकळीवर हात धरला. "वारा लागतोय," ती म्हणाली, आणि ताईला फळी बसवायला सांगितली.